भोंगाताईची फुंकर

आमच्या शिवणखोलीत तिला सगळ्याजणी भोंगाताई म्हणायचो, अगदी तिच्या तोंडावर. सगळी मशिनं धडधडत असली तरी तिचं "अगं, कॉलर उलटी लावलीस!" पार शेवटच्या टेबलापर्यंत पोचायचं.

मग तिला न्यूमोनिया झाला. दवाखान्यातून परतली ती निम्मी होऊन. एक वाक्य बोलायचं तर मध्ये दम खायची. फुप्फुसं मोकळी व्हावीत म्हणून डॉक्टरांनी तिला रोज फुगे फुगवायला सांगितले होते. तिला त्याची भारी लाज वाटायची. "घोडी झाले तरी फुगे!" म्हणायची आणि फुग्यांचं पाकीट ड्रॉवरमध्ये ढकलून द्यायची.

तिची लेक शाळा सुटली की थेट आमच्याकडे यायची. पोरगी अबोल, पण हाताला चैन नाही. शाळेत विज्ञानाचा प्रकल्प होता: फुग्यातल्या हवेवर चालणारी गाडी. तिनं पुठ्ठा कापला, दोऱ्याच्या रिकाम्या रिळांची चाकं काड्यांवर बसवली, वर स्ट्रॉ चिकटवून तिच्या एका टोकाला रबरबँडनं फुगा बांधला. फुगवून सोडला. फुगा फुर्र करून रिकामा झाला. गाडी जागची हलली नाही. आम्ही हसलो.

पोरगी हसली नाही. पोटावर आडवी पडून तिनं चाकांकडे बघितलं. "रीळ काडीवर डुगडुगतंय, म्हणून पुठ्ठ्याला घासतंय," म्हणाली. रिळांच्या भोकांत चिंध्या ठासून तिनं काड्या घट्ट बसवल्या, त्या काड्या पुठ्ठ्याखाली चिकटवलेल्या जाड स्ट्रॉमधून ओवल्या आणि स्ट्रॉ चेपेल इतका आवळलेला फुग्याचा रबरबँड सैल केला. मग भोंगाताईसमोर येऊन उभी राहिली.

"आई, तू फुगव."

"माझ्यात कुठला गं... एवढा दम?"

"जमेल तेवढा. नाहीतरी तुला फुगवायचाच आहे ना?"

भोंगाताईनं आमच्याकडे पाहिलं. आम्ही मुद्दाम माना खाली घातल्या. तिनं फुग्याची स्ट्रॉ ओठांत धरली. फुंकली, थांबली, बोटानं स्ट्रॉचं तोंड दाबून धरलं, खोकली, परत फुंकली. फुगा हळूहळू संत्र्याएवढा झाला. पोरीनं फरशीवरची कापडाची कात्रणं झाडून वाट मोकळी केली, स्ट्रॉच्या तोंडावर आपलं बोट धरून गाडी खाली ठेवली आणि बोट काढलं.

गाडी निघाली.

कुणी ढकललं नाही, कुणी ओढलं नाही. इस्त्रीचं टेबल मागे पडलं, माझ्या मशिनचं पायडल मागे पडलं, आणि ती आपली चालतेच आहे, कुणी बोलावल्यासारखी सरळ दाराकडे. एकेक मशीन थांबत गेलं. शेवटी नुसता रिळांचा खडखडाट उरला. गाडी उंबऱ्याला टेकून थांबली. पंप नाही, चावी नाही. आजारी बाईची छाती, बस्स! जे दिसतही नाही, ते एवढं वजन घेऊन खोलीभर चालत गेलं होतं.

"ते माझ्या आतलं होतं?" भोंगाताईनं विचारलं.

पोरीनं मान डोलावली.

शाळेत त्या गाडीला नंबर मिळाला नाही. तिथं ती तिरकी गेली आणि बाकावर आपटली. घरी येताना मायलेकी त्याचं कारण शोधत होत्या म्हणे.

पण भोंगाताईचं पाकीट पुन्हा ड्रॉवरमध्ये गेलं नाही. जेवणाच्या सुट्टीत ती रोज गाडी काढते, फुगा फुगवते. सोडायच्या आधी बोट जरासं उचलते, दुसऱ्या हाताचा तळवा स्ट्रॉच्या तोंडामागे धरते आणि डोळे मिटून, बाहेर येणारी ती गार हवा हाताला लागू देते.