ताणावरची बाग

कळंबे सर गेल्याचं मला पांढुर्ण्याच्या स्टेशनवर कळलं. हातात महागाईविरोधी पत्रकांचा गठ्ठा होता. तो वाटूनच मी सौंसरला सरांच्या घरी गेलो. सर असते तर म्हणाले असते, आधी वाट, मग चुका काढू...

ते आम्हाला कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत. रामाकोन्याला त्यांची संत्र्याची बाग होती. देशाच्या मध्यवर्ती बँकेनं व्याज वाढवलं, तेव्हा ‘ही गरिबांची लूट’ असं पत्रक काढून मी त्यांच्या टेबलावर ठेवलं. ते मला बागेत घेऊन गेले. आंबिया बहारासाठी, म्हणजे हिवाळा सरताना येणाऱ्या फुलोऱ्यासाठी, झाडांचं पाणी तोडलं होतं. पानं मलूल झाली होती.

“पाणी देतच राहिलो तं झाड फूल नाही धरत. कर्ज स्वस्त असलं का व्यापारी कापूस दाबून ठेवते, भाव चढते. व्याज वाढलं का माल बाजारात येते, उधारीची खरेदी थंडावते, भाव उतरते. असाच ताण हाय तो, दिनू.”

“अन् ताणानं झाड मेलं तं?”

“म्हून तं रोज पान पाहा लागते, बे!”

पुढच्या हिवाळ्यात ते उपचारासाठी नागपूरला गेले आणि बाग माझ्यावर सोपवून गेले. मला झाडांची दया आली. ताणाच्या पाचव्याच दिवशी पाणी सोडलं. बाग हिरवीगार झाली, फूल मात्र नावालाच. सर परतले, बांधावर उभे राहून हसले. “तुह्या पत्रकासारखी झाली बाग. नुसती पानंच पानं!”

मी शरमलो, पण गप्प बसलो नाही. “सर, ताणात खालच्या फांद्या आधी वाळतात. व्याज वाढलं अन् कापसाच्या जिनिंगचे हमालच आधी घरी बसले.”

त्यांनी वाकून एक खालची फांदी हातात घेतली. “हे लिव. हे आमच्या पुस्तकात नाही.”

यंदा पाणी तोडून आठवडा झाला आणि सर गेले. कधी सोडायचं, ते सांगायचं राहून गेलं. काकूंचा, सरांच्या पत्नीचा, वर्षाचा खर्च आता याच बहारावर आहे. “झाडाइकडे पाहवत नाही रे, देऊन टाक ना पाणी,” त्या म्हणत. मी रोज सकाळी जाई, सरांसारखं एक पान मुठीत दाबे. मूठ उघडली की पान हळूहळू उलगडे. झाडात अजून दम आहे म्हणून मी पाणी न देताच परत येई. काल ते उलगडलं नाही.

मोटर सुरू केली. खालच्या फांद्या वाळू लागलेल्या झाडांपासून पाणी धरलं. फूल येईल की नाही, अजून माहीत नाही. पहिलं आळं भरलं आणि मी सवयीनं बांधाकडे वळलो... चुकलं असेल तर आत्ताच सांगा, म्हणायला.