अगाशीवरची चार माणसं
आमच्या अगाशीवर दोन गोष्टी कोणी न आणता साठतात, तेलाचे रिकामे डबे आणि किस्से. डब्यांना भोकं पाडून आम्ही झाडं लावतो. किश्श्यांचं काय करायचं ते कळत नाही, म्हणून तुम्हाला सांगत बसते.

अगाशी म्हणजे गच्ची. बडोद्यात राहून आमच्या मराठीत असले शब्द मुरलेत, आता काढू म्हटलं तरी निघत नाहीत. रावपुऱ्यातल्या आमच्या तीन मजली इमारतीत झाडांचं वेड असलेले आम्ही चौघं. तिसऱ्या मजल्यावर मी आणि समोरचे शिरीषराव, दुसऱ्यावर मेधा, पहिल्यावर हंसाबेन.

मी रिटायर झाले तेव्हा सकाळ खायला उठायची. तीस वर्षं ऑफिसात फायली हलवल्या, मग एकदम हलवायलाच काही उरलं नाही. रडू यायचं आणि कारण सापडायचं नाही. एकदा अगाशीवरच्या डब्यात नुसतेच मूठभर मेथीचे दाणे टाकले. तिसऱ्या दिवशी ते वर आले, डोक्यावर टरफलाच्या टोप्या घालून. त्यांच्याकडे बघत कितीतरी वेळ बसले होते. खाली गॅसवर चहा आटून गेला, पातेलं करपलं, तरी मला त्या दिवशी फार बरं वाटलं.

*

शिरीषरावांचं बीपी जास्त. डॉक्टर म्हणाले, रोज अर्धा तास झाडांमध्ये घालवा, मन शांत होईल. शिरीषराव म्हणजे पंचवीस वर्षं कारखान्यात सुपरवायझर. त्यांनी शांत होण्याचंही टाइमटेबल केलं. पाणी घालण्याआधी बीपी मोजायचं, पाणी घातल्यावर मोजायचं, वहीत लिहायचं.

महिन्याने वही घेऊन डॉक्टरांकडे गेले. "झाडांनी उतरतं, पण टोमॅटो कुरतडणाऱ्या खारींनी चढतं. खारींचा बंदोबस्त करू का?"

डॉक्टर म्हणाले, "खारी राहू द्या. मशीन मला आणून द्या."

दिलं बिचाऱ्यांनी. हल्ली सकाळी डोळे मिटून खुर्चीत बसतात आणि खार त्यांच्या चपलेवरून जाते. विचारलं तर म्हणतात, "मी तिला बघितलंच नाही."

*

हंसाबेनना झाडांशी बोलायची सवय. गुजरातीत सुरू करतात, मध्येच मराठीत येतात. त्यांचा कढीलिंब म्हणजे अगाशीची शान. रोज सकाळी त्याला पाणी घालताना सुनेची गाऱ्हाणी सांगतात. सगळं ओतून झालं की हात झटकतात आणि हसतमुख होऊन खाली जातात.

एकदा संध्याकाळी मी वाळत घातलेले कपडे काढायला वर गेले. आकाश केशरी झालेलं, घरी परतणाऱ्या पोपटांचा गलका चाललेला, आणि कढीलिंबापाशी त्यांची सून उभी. हळू आवाजात त्याला काहीतरी सांगत होती. मी कपडे तसेच ठेवून पाय न वाजवता उतरले.

हे मी शिरीषरावांना सांगितलं. ते कढीलिंबाकडे वळले. "दोन्ही पक्ष माहीत आहेत याला," म्हणाले, "म्हणूनच बिचारं कोणाकडे झुकत नाही."

*

आता मेधाचं. चौतीस वर्षांची पोर, अलकापुरीत बँकेत नोकरी. एक दिवस काउंटरवर बसलेली असताना छाती धडधडायला लागली, वाटलं आता संपलं. तपासण्या झाल्या, हृदय ठणठणीत निघालं. भीती मात्र राहिली. औषधं चालू, डॉक्टरांशी फोनवर बोलणंही चालू. पण जिना उतरायला गेली की पहिल्या मजल्याच्या वळणावर हातपाय गार पडायचे आणि ती परत फिरायची. पाच महिने तिने रस्ता बघितला नव्हता. रजा जानेवारीअखेर संपणार होती. "मावशी, मला नोकरी सोडायची नाहीये हो," एवढंच म्हणायची आणि खुरपं घेऊन बसायची. वर यायला तिला काही वाटत नसे, म्हणून अगाशी तिची झाली होती.

दिवाळीनंतर चार दिवस ती वरही आली नाही. पाचव्या दिवशी आली, तर तिची कोरफड सडलेली. मग एकेक कबुली बाहेर पडली. सहा वाजता शिरीषराव पाणी घालत होते, सात वाजता मी, दुपारी हंसाबेन. सगळे गुपचूप, सगळे काळजीपोटी.

मेधाने कोरफड उपटली, मुळं हुंगून पाहिली आणि कितीतरी दिवसांनी हसली. "माझंही तुम्ही हेच चालवलंय. दिवसातून तीनदा विचारता, कसं वाटतंय. जरा कोरडं राहू द्या मला."

त्या दिवसापासून अगाशीवर ते विचारणं बंद.

*

उत्तरायण, म्हणजे आपली संक्रांत, आलं की अगाशी आमची राहत नाही. पतंग, स्पीकर, उंधियूच्या मिश्र भाजीची पातेली आणि आख्ख्या इमारतीचे पाहुणे. म्हणून आदल्या दिवशी सगळ्या कुंड्या पार्किंगमध्ये जातात. जिन्यात उभं राहून हातोहात उतरवायच्या, ही आमची पद्धत.

यंदाही तसेच उभे राहिलो. वर शिरीषराव, तिसऱ्या मजल्यावर मी, दुसऱ्यावर मेधा, तिच्याखाली हंसाबेन, आणि तळाशी त्यांची सून. सकाळचं कोवळं ऊन जाळीतून जिन्यात उतरलेलं, ओल्या मातीचा वास दाटलेला. डबे, कुंड्या संथपणे खाली चालले होते.

शेवटी मेधाचं वांग्याचं झाड आलं. त्याला पहिलंच वांगं धरलं होतं, अंगठ्याएवढं. हंसाबेननी हात पुढे केले. "दे, दीकरा."

मेधाने दिलं नाही. "तुम्ही हिसका देता हंसाबेन. फळ गळेल." आणि एक पायरी उतरली.

हंसाबेन एक पायरी मागे सरकल्या. मेधा अजून एक उतरली. नजर वांग्यावर. हंसाबेन कठड्याला धरून उलट्या उतरत राहिल्या. मी मागे, माझ्यामागे शिरीषराव.

पहिल्या मजल्याच्या वळणावर ती थांबली. शिरीषरावांनी माझा खांदा इतका घट्ट धरला की दुखला. मेधाने डोळे मिटले, दोन-तीन लांब श्वास घेतले. मग झाडाला दिलेली काठी कलली होती ती हनुवटीने सरळ केली आणि पुढची पायरी उतरली.

पार्किंगमध्ये सून कुंड्या ओळीने लावत होती. तिने जागा करून दिली. मेधाने कुंडी ठेवली नाही. वर बघितलं, स्कूटरींच्या मागे बघितलं.

"इथे ऊन येत नाही," म्हणाली, आणि कुंडी छातीशी धरून अनवाणीच फाटकाबाहेर गेली.