मागे राहिलेल्या पातीचं गाणं

गानामायचा आवाज बैलगाडीच्या कोरड्या आखासारखा करकरायचा. तरी शेतात निंदायला, म्हणजे तण काढायला, जाणाऱ्या आमच्या बायांमध्ये गाणं तीच म्हणायची. खरं तर गाणं एकच, तिनंच जुळवलेलं.

"गानामाय, जराशी गोड गाय ना," बाया चिडवायच्या.

"गोड पाह्यजे तं साखर कारखानामा जाय! मन्हं आयकू येस ना, बस."

कपाशी निंदताना प्रत्येक बाईला एक पात, म्हणजे एक ओळ असते. आपली पात संपली की बांधावर जाऊन सावलीत बसायचं. पण कुणी मागे पडली, की गानामाय सुरू करायची:

मांगे ऱ्हायनी बहीन मन्ही,
तिन्ही पात मन्ही वं माय,
एकली बांधवर जाऊ कशी?

तिची पात ती माझीच, हे ऐकलं की पुढे गेलेल्या बाया वळायच्या आणि तिची पात समोरून निंदत तिच्यापर्यंत यायच्या. धाकटा भाऊ पोटात होता तेव्हा माझ्या आईसाठी हे गाणं रोज व्हायचं. नाव मात्र ती कधीच घ्यायची नाही. "नाव लिधं का बाई लाजस," गानामाय म्हणायची.

आमच्या घरातून कॉलेजला गेलेली मी पहिलीच. रविवारी आईबरोबर निंदायला जाते. एकदा गानामायनं विचारलं, "तुन्हा कॉलेजमा कोनी मांगे ऱ्हायनी तं कोन गाना म्हनस?"

"कोनीच नही."

"मंग तू म्हन."

मी नुसती हसले.

गेल्या श्रावणात एका रविवारी आम्ही बांधावर पोचलो. गाणं आलं नव्हतं, म्हणजे कुणी मागे नाही, असंच सगळ्यांनी धरलं. मागे वळून बघायची आम्हांला सवयच नव्हती. ते काम तिचं होतं. पाण्याचा तांब्या हातोहात फिरला. तो गानामायला द्यायला आई वळली, तेव्हा कळलं.

ती तिच्या पातीतच कलंडली होती. विळा हातात तसाच. आईनं तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि एकसारखं म्हणत राहिली, "एक हाक तं मारवानी व्हती वं माय."

तिचं दहावं झाल्यावर आम्ही पुन्हा त्या शेतात गेलो. तिची पात अर्धीच राहिली होती. कुणाला तिकडे पाय टाकवेना. मी भीत भीत गाणं धरलं. दुसऱ्या ओळीवर माझा आवाज गेला. पुढचं आईनं उचललं. बांधाकडून निंदत निंदत आम्ही ती पडली होती तिथवर आलो. एरवी तिथं मागे राहिलेली बाई भेटते, घाम पुसत, ओशाळं हसत.

तिथं नुसती मोडलेली कपाशी होती.