येतो म्हण की

त्या सभ्य खुन्याचा पहिला सिनेमा पाहिला तेव्हा मी एकटा नव्हतो. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी नगरला नागापूरच्या एमआयडीसीत लेथवर कामाला होतो आणि घर तिकडं अकोले तालुक्याच्या डोंगरात. खोलीत एक जोडीदार होता, सोनईकडचा, माझ्याच कारखान्यात शेजारच्या मशीनवरचा. खोलीत एक स्टोव्ह, एक बादली आणि एक नाकावरचा राग. राग माझा, बाकीचं त्याचं.

सिनेमा इंग्रजी, हिंदीत डब केलेला. खुनी म्हणजे व्हायोलिन वाजवणारा एक म्हातारा, कायम इस्त्रीच्या कपड्यांत. कुणाच्याही घरात शिरताना पायपुसण्यावर बूट पुसायचा. खून झाला की प्रेतासमोर टोपी काढायचा, मान झुकवायचा आणि म्हणायचा, "अच्छा, चलता हूँ." तो पहिल्यांदा असं म्हणाला तसा माझा जोडीदार अंधारात ओरडला, "आरं, जातो काय म्हनतो? येतो म्हन की!" सगळं थिएटर हसलं. पुढच्या प्रत्येक खुनाला लोक वळून त्याच्याकडं बघायला लागले, आणि त्यानंही कुणाला निराश केलं नाही.

या बाबतीत तो खरंच फार काटेकोर होता. निघताना जातो म्हणायचं नाही, येतो म्हणायचं, आणि समोरच्यानं 'ये' म्हणायचं. नळावर बादली भरायला निघाला तरी "येतो रे" म्हणायचा आणि मी 'ये' म्हणेपर्यंत दारातून हलायचा नाही. मला वैताग यायचा. सिनेमाच्या शेवटी खुनी बोटीत बसून निसटला. बाहेर पडताना हा म्हणाला, "ह्याचा दुसरा भाग येनार बघ. आला की दोघांनीच बघायचा." मी व्हय म्हणालो.

पुढं वर्षभरानं पुण्याच्या एका कारखान्यात आम्ही दोघांनीही मुलाखत दिली. त्याला घेतलं, मला नाही. त्यानं स्टोव्ह आणि बादली माझ्यासाठी ठेवली, ट्रंक उचलली आणि दारात उभा राहून म्हणाला, "येतो रे." मी भांडी घासत होतो. तो थांबला. मला ठाऊक होतं तो कशासाठी थांबलाय. मी मागं न वळता म्हणालो, "जा."

तो थोडा वेळ तसाच उभा असावा. मग ट्रंक जिन्यावर आपटत गेल्याचा आवाज आला.

त्यानंतरचे दिवस मला अजून नकोसे वाटतात. भात दोघांचाच शिजायचा, सवयीनं, आणि उरलेला सकाळी परतून खायचा. कारखान्यात बोलणं म्हणजे मापं आणि शिव्या. खोलीला कुलूप लावताना माझ्या तोंडून आपोआप 'येतो' निघायचं आणि आत ऐकायला कोण, तर स्टोव्ह. मला त्याची फार आठवण यायची. पण पत्र आधी त्यानं लिहावं, असं मी ठरवून बसलो होतो. माझा शहाणपणा!

दोन वर्षांनी नगरमध्ये दुसऱ्या भागाची पोस्टरं लागली. तोच म्हातारा, तीच टोपी. त्या दिवशी माझा ताठा गळाला. एक पोस्टकार्ड आणलं आणि त्याच्या पुण्याच्या कारखान्याच्या पत्त्यावर लिहिलं : दुसरा भाग लागलाय. रविवारी तीनचा खेळ. गेटावर थांबतो. खाली उरलेल्या सगळ्या जागेत एकच अक्षर मोठ्ठं काढलं, 'ये'. मागचं 'जा' त्यानं पुसलं जाईल, असं मला वाटलं होतं.

रविवारी तीन वाजून गेले तरी गेटावर मी एकटाच. शेवटी दोन तिकिटं काढून आत गेलो आणि शेजारच्या खुर्चीवर रुमाल टाकला. "कुनी हाय का इथं?" असं कुणी विचारलं की मी सांगायचो, "येतोय." पडद्यावर म्हातारा परत आला होता, आणखी सभ्य होऊन. पहिला खून झाला. टोपी निघाली, मान झुकली. "अच्छा, चलता हूँ."

"येतो म्हन की!" पुढच्या रांगांतून आवाज आला.

थिएटर हसलं. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. आला! गेटावर चुकामूक झाली असणार. इंटरव्हलपर्यंत पडद्यावर काय चाललंय ते मला काही कळलं नाही.

इंटरव्हलला तो चहाच्या गाड्यापाशी दिसला, चार-पाच मित्रांच्या घोळक्यात. पुण्याची मंडळी, कुणाच्या तरी लग्नाला नगरला आलेली. मी हाक मारली. त्यानं हसून हात मिळवला. हात मिळवला! दोन वर्षं एका बादलीत अंघोळ केलेली माणसं आम्ही.

"कार्ड मिळालं का?"

"मिळालं की."

"तुझ्यासाठी जागा धरलीय."

"ही सगळी बरोबर हायेत ना," तो हळू म्हणाला. मग त्यानं माझ्यासाठी चहा सांगितला, बशी रुमालानं पुसून हातात दिली, आईची तब्येत विचारली, कारखान्याचं विचारलं. एक शब्द वाकडा नाही. त्यानं दोन शिव्या हासडल्या असत्या तरी चाललं असतं. पडद्यावरचा म्हातारा असाच पाय पुसून घरात शिरतो, हे मला तिथं चहा पिताना कळलं.

घंटा झाली. मित्र आत निघाले. त्यानं कप ठेवला, माझ्याकडं नीट पाहिलं आणि अगदी मऊ आवाजात म्हणाला, "बरंय. जातो."

आणि तो थांबला नाही. मी मात्र "ये" म्हणालो. इतक्या मोठ्यानं, की चहावाल्यानं वळून पाहिलं.