नियम न घेतलेला उपास

भाद्रपदात आम्हा दिगंबर जैनांचं दशलक्षण पर्व असतं. त्यात काहीजण दहा दिवस नुसत्या पाण्यावर राहतात. मीही एकदा हे उपास केलेत आणि त्यातली शांतता मला आवडली होती. तेव्हा पुढे जे सांगते त्यात धर्माची निंदा शोधू नका. माझा राग माणसांवर आहे.

माझी थोरली बहीण सांगलीजवळच्या एका गावात दिलेली. सातव्या महिन्यात तिचं बाळ पोटातच गेलं. तिचं खाणं कमी होत गेलं आणि पर्वाच्या सुमाराला थांबलंच. तिच्या सासूबाईंनी लगेच बस्तीत, म्हणजे आमच्या देवळात, जाहीर केलं की सून दहा उपास करतेय. साताऱ्याहून मी तिला भेटायला गेले तर चौकात तिचा फ्लेक्स लागलेला. फोटो लग्नातला, गालभर हसणारा.

घरात तिला सोफ्यावर बसवून ठेवलं होतं. बायका येऊन पाया पडत होत्या. तिच्या केसांचा गुंता झालेला, अंगाला आंबूस वास येत होता, नजर भिंतीला लागलेली. एकजण म्हणाली, "तेज बघा कसं आलंय तोंडावर." तेज कसलं डोंबलाचं, गालफडांची हाडं वर आली होती. मला त्या सगळ्या बायकांची शिसारी आली.

उपास आमच्यात आपोआप सुरू होत नाही. मूर्तीपुढे हात जोडून त्याचा नियम घ्यावा लागतो. नियम नसेल तर ती नुसती उपासमार, आणि हे तिथल्या प्रत्येकीला ठाऊक होतं. मी वाकून विचारलं, "अक्का, नियम घेतलायस का?"

"कसला नियम गं," ती म्हणाली. "घासच उतरत न्हाई. जगूच वाटंना."

सासूबाईंना मी आत नेऊन हे सांगितलं. त्यांनी आधी दार लोटलं. "हळू बोल. डोक्याच्या डॉक्टराकडं न्हेली म्हंजे माझ्या धाकटीला कुठलं स्थळ यील? समाज आपला मूठभर. आन् उपास सुटल्यावरच्या मिरवणुकीचा ट्रॅक्टर सांगून झालाय." मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे मी ऐकून होते. इथे तर जिवंत बाईच्या टाळूला हात घातला होता.

अक्काच्या नवऱ्याचं कुपवाडला छोटं वर्कशॉप आहे. मी तिथे फोन करून त्यांना बोलावून घेतलं आणि आम्ही तिला सांगलीला मानसोपचारवाल्या डॉक्टरांकडे नेलं. ती जेवत नाही असं मी सांगताच त्यांनी आडनाव वाचलं, तारीख पाहिली आणि ते हसले. "तुमच्या लोकांत हे असतंच. श्रद्धेचा विषय, त्यात आम्ही पडत नाही. पर्व संपलं की जेवतील." अक्काकडे त्यांनी मान वर करूनही पाहिलं नाही. भाऊजींना हायसं वाटलेलं तोंडावर दिसत होतं.

सासूबाई निदान घाबरून खोटं बोलत होत्या. हा शिकलेला माणूस आमच्या धर्माला मान देतोय असं दाखवून स्वतःचं काम टाळत होता. दुसऱ्या समाजातल्या कुणाची सून अशी बसली असती तर त्याने चार प्रश्न विचारले असते. असल्या आदराची मला आजही किळस येते.

तिथूनच गाडी करून मी तिला साताऱ्याला आणलं. भाऊजी "आईला काय सांगू?" एवढंच म्हणत मागे उभे राहिले. तिथल्या मानसोपचारवाल्या डॉक्टरीणबाईंना आमच्या पर्वाची काहीच माहिती नव्हती. त्यांनी अक्काकडे खुर्ची ओढली आणि तिलाच विचारलं, "जेवावंसं कधीपासून वाटत नाही?"

"बाळ गेलं तवापासनं," अक्का म्हणाली आणि रडायला लागली. त्यांनी तिला रडू दिलं. मग तिला दाखल करून घेतलं, सलाईन लागलं, गोळ्या सुरू झाल्या.

दिवाळीनंतर सासूबाई माझ्या घरी आल्या. अक्का स्वयंपाकघरात भाकरी-आमटी खात होती. गावात काय काय बोलतात ते सांगून झाल्यावर त्या अक्काला म्हणाल्या, "अर्ध्यात मोडलं म्हणत्यात गं सगळी. पुढच्या वर्षाला पुरं करून टाक, म्हंजे तोंडं बंद."

अक्काने घास गिळला, पाणी प्याली.

"आवं आत्ती," ती म्हणाली, "मी तवा मरत हुते. तुमास्नी कळत हुतं का न्हाई, तेवढं सांगा."

सासूबाईंनी तिच्या ताटात आणखी आमटी वाढली.