आयडी वॉर्डाचा की ज्याचा त्याचा?

मैत्रिणींनो, आज डोकं फिरलंय.

कराडच्या आमच्या हॉस्पिटलात मीटिंग होती. कॉम्प्युटरचा आयडी अख्ख्या वॉर्डाला एकच ठेवायचा, की प्रत्येक नर्सला तिच्या नावाचा द्यायचा?

मी म्हटलं, नावाचाच द्या. मागे इंजेक्शनची चुकीची नोंद झाली, कुणी केली कळलंच नाही आणि इन्चार्ज म्हणून बोलणी मी खाल्ली.

माझ्याच वॉर्डातली नर्स, माझी जिवाभावाची सुनीता सकाळी म्हणाली होती, "तू बोल, मी हाय की." मीटिंगमध्ये म्हणाली, "वॉर्डाचाच बरा, नावं कशाला?"

बाहेर तिला गाठलं. मान खाली घालून म्हणाली, "ती नोंद माझीच व्हती गं."

बोलणी खाऊन त्या दिवशी मी रडत होते, तेव्हा पाणी हिनेच आणून दिलं होतं.

सांगा, उद्या तिच्याशेजारी बसून डबा कसा खाऊ?