पोतारलेल्या भिंती

बातमी कळली ती अमरावतीच्या मोटार स्टँडवर, पेट्रोलच्या आणि भिजलेल्या गोणपाटाच्या वासात. कारंज्याला मी शिकवत असतानाची माझी विद्यार्थिनी कुसुम कडेवर मूल घेऊन गावाकडचं सांगत होती. कोणाचं लग्न जमलं, कोणाची सरकी भिजली... आणि त्याच सुरात, "अन् बाई, आपले ड्राइंगचे हमीद मास्तर गेले ना! छातीचं दुखनं होतं म्हन्तात. तुमी मात्र लईच वाळल्या." मी काही उत्तर दिलं असेल. समोरच्या मोटारीच्या टपावर संत्र्यांची करंडी चढत होती, आणि त्या रंगाकडे मला पाहवेना.

कारण रंगाकडे पाहायला मला त्यांनी शिकवलं होतं. मी मुलींच्या शाळेत कविता शिकवी, ते मुलांच्या शाळेत चित्रकला. सुट्टी लागली की झोळीत कागद घालून ते पायी निघत; शिरपूरपासून धनजपर्यंतची प्रत्येक गाडीवाट त्यांना ठाऊक होती. रस्त्यात भेटले की म्हणत, "बाई, आज कपाशीच्या वावराचा रंग पाह्यला काय? कोनाच्या बापाले बनवता येनार नाही!" आणि मग आपणच गोरेमोरे होत, बाईमाणसासमोर बाप काढला म्हणून.

चारेक वर्षांपूर्वी, आपला वऱ्हाड मध्य प्रदेशात होता तेव्हाची गोष्ट. बोलपटासाठी जागा शोधत एक इटालियन साहेब कारंज्याला आला. गळ्यात ऊन-सावली जोखायचं काळ्या काचेचं भिंग, अंगावर चुरगळलेला सदरा, आणि इंग्रजी माझ्याइतकंच अडखळतं. वाटा दाखवायला मास्तर आणि बोलणं समजावायला मी, असे आम्ही दोघे त्याच्या जीपमध्ये बसलो. शिरपूरचं मंदिर त्यानं पाहिलं, कारंज्याचा कापसाचा बाजार पाहिला, भिंग डोळ्याला लावलं आणि मान हलवली. तिसऱ्या दिवशी परतताना धनजच्या अलीकडे जीप तापली. रस्त्याकडेच्या दहा-बारा घरांच्या वस्तीवर आम्ही पाणी मागितलं. तिथे विहीर नव्हती. बायका कोसभरावरच्या नाल्यातून घागरी आणत. सुभद्राबाई नावाच्या चाळिशीच्या बाईनं नुकतीच आणलेली घागर मुकाट्यानं जीपच्या तोंडात रिती केली. वाफेचा फुसकारा उठला, आणि साहेब तिच्या घराच्या भिंतीसमोर जाऊन उभा राहिला.

ती भिंत मला अजून दिसते. भाजलेल्या भाकरीच्या रंगाची, उभी आडवी तडकलेली. कलत्या उन्हात प्रत्येक भेगेत सावलीची एक बारीक रेघ भरली होती. साहेब अर्धा तास हलला नाही. शेवटी म्हणाला, हीच जागा. काहीही बदलू नका. महिन्याभरानं माणसं घेऊन येईन, सगळ्यांना पाणी लागेल, तेव्हा आधी विहीर खणू. ती विहीर मग वस्तीची. मी विहिरीचं सांगितलं आणि आनंदाचा एवढा कल्लोळ उठला, की "बदलू नका" हे दोन शब्द त्यात बुडून गेले. ते पुन्हा सांगावेत असं तेव्हा मला वाटलंही नाही.

फाल्गुनात साहेबाची तार आली. तो यायच्या आदल्या दिवशी मास्तर आणि मी वस्तीवर गेलो. दुरूनच ओल्या मातीचा वास आला... नाल्याकाठची पांढरी माती आणून बायका घरं पोतारत होत्या. भेगा लिंपलेल्या, भिंती शुभ्र, खाली गेरूचा पट्टा. दोनच घरं राहिली होती, त्यातलं एक सुभद्राबाईचं. कोपरापर्यंत पांढरे झालेले हात घेऊन ती पुढे आली. "मास्तर, साहेब त्या दिवशी माया भितीकडंच पाहून राह्यला होता. मले लई शरम वाटली. पावना येईन अन् अशी भित? आता म्हनावं, पाह्य!" मास्तरांनी तोंड उघडलं. नजर तिच्या पांढऱ्या हातांवर गेली. मग ते म्हणाले, "झकास हाये, सुभद्राबाई." तिनं पोतेरं मातीत बुडवलं आणि शेवटची भिंत सुरू केली.

परतीच्या बैलगाडीत मी विचारलं, "का नाही सांगितलंत?"

"काय सांगू, बाई? तुई भित फुटकी हाये म्हनूनच साहेबाले पसंत पडली, असं? तिच्या दारात उभं राहून? जबान रेटली नाही." मग म्हणाले, "तुमी तरी कुठं बोलल्या?"

दुसऱ्या दिवशी साहेब वस्तीत एक फेरी मारून आला. भिंग त्यानं डोळ्यापर्यंत नेलंच नाही. मला म्हणाला, हे दुसरंच गाव आहे. मास्तरांनी हात जोडून माझ्याकरवी सांगितलं, एक पावसाळा जाऊ द्या, भिंती पुन्हा पहिल्यासारख्या होतील. त्याला तितका वेळ नव्हता. सुभद्राबाई पदरानं हात पुसत विचारत होती, "काय म्हन्ते साहेब? आवडलं ना?" आणि मी काही बोलायच्या आत मास्तर म्हणाले, "लई आवडलं म्हन्ते. इहीर खंदाले मानसं घेऊन येतो म्हन्ते." जीप निघाली तेव्हा बायका त्या पांढऱ्या भिंतींपुढे ओळीनं उभ्या होत्या, फोटो काढून घ्यायला उभ्या राहाव्यात तशा.

मग दर बाजाराच्या दिवशी सुभद्राबाई कारंज्याला मास्तरांच्या दारात येऊ लागली. "साहेब कधी येते, मास्तर?" "येईन, बाई. पानी पडल्यावर येईन." पाऊस आला, गेला. विहिरीसाठी मास्तरांनी अर्ज लिहिले, कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या. काही झालं नाही. खरं सांगायला दोनदा त्या वाटेला लागले आणि अर्ध्यातून परतले. पुढल्या उन्हाळ्यात नाला आटला. माणसं घरांना कड्या लावून पोटामागे निघून गेली. कुठे, ते कोणालाच ठाऊक नाही. त्यानंतर मास्तरांनी कागदाला हात लावला नाही. फळ्यावर सुरई काढत, मुलं ती उतरवत, घंटा होई. माझी बदली झाली. मी दोन पत्रं पाठवली... उत्तर आलं नाही, आणि तिसरं मीही लिहिलं नाही.

मास्तरांच्या चाळिसाव्या दिवसाच्या विधीच्या दोन दिवस आधी मी कारंज्याला गेले. मास्तरांच्या पत्नी, भाभी, त्यांच्या खोलीत एकट्याच होत्या. पोपडे सुटलेल्या भिंती, कोपऱ्यांत ओल. छातीचं दुखणं असलेला माणूस असल्या खोलीत का निजवला, असं माझ्या तोंडावर आलं असावं, कारण भाभी आपणहून म्हणाल्या, "चार वर्सं झाले, चुना लावू देल्ला नाही त्यायनं. ईदले नाही, पोरीच्या लग्नाले नाही. डाक्टरनं सांगतलं, तरी नाही. म्हनत, जसं हाये तसं राहू दे." पलंगाच्या उशाशी भिंतीवर त्यांच्या डोक्याच्या तेलाचा डाग होता, पाठ टेकून बसत त्या उंचीवर. बादलीत फोडलेला चुना निवत होता. कुंचा हातात घेऊन भाभी थांबल्या. "परवा पावने येतीन. लावू काय, बाई?"

त्यांना सारं सांगावं असं फार वाटलं. "लावा," एवढंच मी म्हटलं.

ओला चुना आधी करडाच दिसतो. पांढरा होतो तो वाळल्यावर. उशाजवळचा डाग पहिल्या हातात अर्धा झाकला गेला. भिंत वाळेपर्यंत मी थांबले नाही.